वेलीचं बारसं

२ डिसेंबर १९७८, निगडी प्राधिकरण

आलो बाई एकदाचे आपल्या घरात! टेम्पोतून उतरवताना आरसा फुटला नाही, लोणच्याची बरणी फुटली नाही, फक्त माझा आवाज बसला. अनंत म्हणतो, हमालांना इतक्या सूचना दिल्यास की ते उद्यापासून सुपरवायझर म्हणून कामाला लागतील. (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत एकेरी. वही काय चुगली करणार आहे!)

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि पुढे अंगण. पुण्याच्या भाड्याच्या जागेत तुळशीलासुद्धा खिडकीत अंग चोरून उभं राहावं लागायचं. इथे सगळं मोकळंच मोकळं. आजूबाजूला अर्धी बांधलेली घरं, विटांचे ढीग, आणि औषधाला झाड नाही. वारा घोराडेश्वराच्या डोंगरावरून सुटतो तो थेट आमच्या ताटात मुरुमाची धूळ वाढतो. सकाळी कंपन्यांचे भोंगे एकामागून एक वाजतात, कोपऱ्यावर बस येते, पुरुषमंडळी डबे घेऊन चढतात आणि मग दिवसभर कॉलनीत आम्ही बायका आणि चिमण्या.

अनंतची थोरली बहीण, म्हणजे आमच्या पद्मावन्सं, चिंचवड गावातून गूळपोळ्या घेऊन आल्या. घर बघून म्हणाल्या, मृदुला, सगळं छान आहे, पण दार कसं उघडंबोडकं दिसतंय. एखादी वेल सोड गं वर. मी म्हटलं, वन्सं, तुमच्या तोंडात साखर पडो, वेल तर मी बरोबरच आणली आहे.

१० डिसेंबर

वेलीवरून घरात तीन पक्ष झाले. अनंतचं मत तोंडली लाव, निदान भाजी होईल. वन्संचं मत जाई, देवाला फुलं होतील. माझी आपली डालड्याच्या डब्यातली काटकी. पान नाही, फूल नाही, नुसती वाळल्या शेंगेसारखी काडी, पण ती विस्टेरिया आहे आणि मला तीच हवी.

आज चिंचवडच्या रोपवाटिकेत खत विचारायला गेले तर तिथले दौलतराव हसायलाच लागले. म्हणाले, वहिनी, ही थंड हवेची बाई, आपल्याकडे पानं देईल, फुलं नाही द्यायची. त्यापेक्षा नीलमणी न्या, तसेच निळे घोस, आणि दरवर्षी हमखास. मी म्हटलं, दुधाची तहान ताकावर कशाला भागवू? मग त्यांनी विचारलं, बियांची आहे का? बियांची असेल तर सूनबाई येईपर्यंत थांबा. मी सांगितलं, नाही, फुलत्या वेलीची फांदी मातीत दाबून मुळं धरवलेलं कलम आहे. तेव्हा कुठे माणूस जरा गंभीर झाला. हिवाळ्यात, झोपेत असतानाच लावा, म्हणाले. खड्डा कमरेइतका, मांडव लोखंडी. ही वेल अंगाने वळत वळत चढते, आणि एकदा धरलं की लाकडाचं सुद्धा भुसकट करते.

१७ डिसेंबर

लावली!

खड्डा खणताना पहार मुरुमावर ठिणग्या उडवत होती. चिखलीच्या रतनबाई, ज्या कॉलनीत दूध घालतात, त्यांनी दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणून टाकलं. अनंतने कंपनीतून भंगारातले पाइप आणून खिडकीपासून दारापर्यंत मांडव उभा केला. मग तो आंघोळीला गेला, आणि मी ते केलं.

इथे लिहून टाकते, म्हणजे मन हलकं होईल. जुलैमध्ये मला मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली. ताप आला, दूध ओढेना, संपलं. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आईला नेत नाहीत. अनंत आणि शेजारचे दोघे घेऊन गेले, रिकाम्या हातांनी आले. तिला नावसुद्धा नाही. ती पोटात असतानाच मी ठरवलं होतं, अरुंधती, हाक मारायची अरू. पण पाळण्यात घालून कानात सांगितल्याशिवाय नाव लागत नाही ना. लोक नुसतं 'ते मूल' म्हणतात.

मग मी बोलेनाशी झाले म्हणून अनंतने मला पाचगणीला नेलं. उतरलो त्या बंगल्याचा माळी ही कलमं करत होता. खरं म्हणजे तेव्हा वेलीला फुलंही नव्हती. तो नुसता मातीत दाबलेली फांदी दाखवत होता. आईपासून लगेच तोडायची नाही म्हणाला, वेगळी मुळं धरू द्यायची. ते ऐकून कितीतरी दिवसांनी मी रडले, आणि त्याने ही काटकी मला दिली.

तर आज खड्ड्यात मुळांखाली मी तिचं अंगडं-टोपडं ठेवलं. न धुतलेलं. वर माती लोटली. तिला कुठे ठेवलंय ते मला ठाऊक नाही, म्हणून मीच एक जागा केली. कुणाचं काय गेलं?

२५ फेब्रुवारी १९७९

कोंब! करंगळीच्या नखाएवढे, चंदेरी लव असलेले. मी अंगणात उभी राहून ओरडले ते ऐकून पलीकडच्या कुसुमताई साप निघाला म्हणून काठी घेऊन धावल्या.

वन्सं जेवायला आल्या होत्या. जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, वन्सं, एक मागते, वेडी म्हणू नका. हिचं बारसं करा. आत्या तुम्ही, मान तुमचा. वन्सं आधी हसल्या, मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचे डोळे भरले. उठल्या, वेलीला हळदकुंकू लावलं, ओंजळभर घुगऱ्या ठेवल्या आणि कोंबाशी तोंड नेऊन म्हणाल्या, कुर्रर्र. आणि मी ठरवलेलं नाव सांगितलं, अरुंधती. मी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपका घातला. दोघी तिथेच मुरुमात बसून रडलो आणि मग चहा प्यायलो. सात महिन्यांत मी इतकी शांत झोपले नव्हते.

२० एप्रिल

वेल कशी वाढते म्हणून सांगू! सकाळी पाहिलेला शेंडा संध्याकाळी वीतभर वर. दौलतराव स्वतः बघून गेले, म्हणाले, मला तरी अशी वाढ ठाऊक नाही. मी काय म्हणते, बारसं झालेलं लेकरू बाळसं धरणारच.

तिच्याशी बोलते मी. सकाळी पाणी घालताना 'अरू' म्हटलं की शेंडा माझ्याकडे वळतो. अनंत म्हणतो, शेंडा उजेडाकडे वळतो आणि तू उजेडाच्या बाजूला उभी असतेस. असेल. इंजिनियरला सगळ्याचं कारण माहीत असतं. पण आज मी मुद्दाम भिंतीच्या बाजूला, सावलीत उभी राहिले आणि हळूच हाक मारली. वळला. माझ्या करंगळीला एक वेढा घातला, लहान मुलं बोट धरतात ना, तसा. मी तास-दीड तास तशीच उभी होते. आमटी करपली.

सुखाने मरावंसं वाटलं आज.

९ जून

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस गेलेत. अनंतने पेढे आणले, आणि मागे न्हाणीत जाऊन रडला. त्याला वाटतं मला कळलं नाही.

मी बातमी सांगायला अंगणात गेले. म्हटलं, अरू, तू ताई होणार.

दुपारपर्यंत सगळी पानं खाली. भर जूनमध्ये, पाणी घातलेलं असताना. अंगणभर पिवळा सडा. कुसुमताईंना वाटलं वाळवी लागली. मला माहीत आहे कुणी काय केलं ते. रुसली आहे. थोरल्याला हेवा वाटतोच पहिल्यांदा. मी समजूत काढली, तू पहिली आहेस, तुझी जागा कुणी घेणार नाही, असं वचन दिलं. संध्याकाळी फुटवा आला. त्या फुटव्याचा रंग मला आवडला नाही. हिरवा नव्हता, अंगासारखा होता.

२ सप्टेंबर

खिडकीतून आत आली आहे. गजाला वेढे, तिथून माझ्या उशीकडच्या खुंटीला. अनंत दुपारपाळीला गेला की घरात वेखंडाचा वास येतो, तान्ह्या बाळाच्या अंगाला येतो तसा. घरात वेखंड नाही. मी सगळे डबे उघडून पाहिले.

अनंतने रविवारी आतल्या फांद्या छाटल्या. कात्रीचा पहिला आवाज झाला आणि माझ्या ओटीपोटात कळ आली, इतकी की भिंत धरली. मग रक्त. रिक्षा, दवाखाना, इंजेक्शन. पोर वाचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, झोपून राहा. घरी येऊन पाहिलं तर छाटलेल्या टोकांतून पांढरं गळत होतं. अनंत म्हणाला, चीक आहे, पुष्कळ वेलींना असतो. मी बोट लावून चाखलं. चीक नव्हता तो.

अनंतला सांगितलं, यापुढे तिला हात लावायचा नाही. तो वाद घालायला लागला, पण माझं तोंड बघून कात्री ठेवून दिली.

मी घाबरले आहे का? हो. पण ती माझी आहे. आईने कुणाला घाबरायचं?

१८ नोव्हेंबर

आज धीर करून अनंतला विचारलं, तिला कुठे ठेवलंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो नखाने टेबल कोरत बसला. मग म्हणाला, नदीच्या काठाला, बाभळीपाशी. वर दगड रचले होते. पुढच्या आठवड्यात एकटाच गेला होता म्हणे बघायला, तर पूर येऊन गेला होता आणि बाभूळही नव्हती. सापडली नाही गं, म्हणाला. मी परत परत शोधली.

आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलो. खिडकीवर पानं आपटत होती. बाहेर वारा नव्हता.

२४ जानेवारी १९८०

मुलगी झाली. मंगळवारी, दवाखान्यात. लालबुंद, टणटणीत, आवाज असा की तिसऱ्या खाटेवरची बाई म्हणाली, ही भोंग्याची नोकरी करणार. माझी सोनुली. माझं कसं व्हायचं गं तुझ्याशिवाय, असं मी तिला आत्ताच विचारून घेतलं.

घरी आलो आज. वेल फुलली आहे.

एक पान नाही अंगावर, आणि फुलंच फुलं. निळेजांभळे घोस, हातहात लांब. आमच्या इथे फुलत नाही, असं दौलतराव म्हणाले होते. सगळी कॉलनी बघायला लोटली होती, एकाने तर कॅमेराही आणला होता. रतनबाई, ज्या आता बाळाला न्हाऊ घालायला येणार, त्या मात्र पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, बाई, ह्या फुलांवर येक बी माशी न्हाई बसली, बगा. मी पाहिलं. खरंच एकही नाही.

२ फेब्रुवारी

बारसं झालं. अक्षर लागत नाही.

नाव गौतमी ठरलं होतं. सगळं रीतीनं झालं. पाळणा दारापाशी, तिथे उजेड म्हणून. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. वन्सं वाकल्या. कुर्रर्र म्हणाल्या. आणि नाव सांगितलं—

अरुंधती.

सगळ्या बायकांनी ऐकलं. कुसुमताई म्हणाल्या, अगं बाई, पत्रिकेत तर गौतमी होतं ना. वन्सं पांढऱ्याफटक. शपथेवर सांगतात, मी गौतमीच म्हटलं. मी गौतमीच म्हटलं गं, मृदुला. तुझ्या गळ्याची शपथ.

पाळण्याच्या दोरीला वेलीचा शेंडा होता. सकाळी नव्हता.

९ फेब्रुवारी

गौतमी म्हटलं की बघत नाही. टाळी वाजवली तरी नाही. 'अरू' म्हटलं की मान वळवते. एवढंसं पोर मान वळवतं का कधी?

दूध पीत नाही. मला पान्हा फुटतो, चोळी भिजते, ही तोंड फिरवते. आणि बाहेर वेल टवटवीत. रतनबाईंनी आंघोळीच्या वेळी मनगट दाखवलं. वळ आहे, गोल, बारीक दोरा बांधल्यासारखा. रोज एक वेढा वाढतो. रतनबाई म्हणाल्या, पोर हलकं व्हाय लागलंय, बाई, व्हतं त्याच्या निम्मं लागतंय हाताला.

डॉक्टरीणबाई काहीच नाही म्हणतात. तब्येत ठीक आहे, पाजत राहा.

आज तिने डोळे उघडले तेव्हा— ते हिचे डोळे नाहीत. ते मी ओळखते. जुलैमध्ये मी ते डोळे मिटताना पाहिलेत.

आणि वाईट हे की, देवा, मला आनंद झाला. क्षणभर. आली, माझी आली परत, असं झालं. मग खालून एक अगदी बारीक कण्हणं आलं, त्याच तोंडातून, दुसऱ्या कुणाचं. गौतमीचं. आत कुठेतरी दाबली गेल्यासारखं.

१० फेब्रुवारी

अनंतने कंपनीतून करवत आणली. खोड कापलं. निम्मं. बाळ निळं पडलं. श्वास बंद. थांबा, थांबा, थांबा— मी त्याचा हात चावला. थांबल्यावर श्वास आला.

आता तोही मानतो. पायरीवर बसून आहे. उद्या कामावर जाणार नाही म्हणतो.

११ फेब्रुवारी

तोडता येत नाही. नाव परत घेता येत नाही, तसा विधीच नाही. दिलेलं दिलं. पाळण्यात घालणारीही मी, बोलवणारीही मी. तू पहिली, तुझी जागा कुणी घेणार नाही, असं म्हणणारीही मीच. तिने काय वाईट केलं? आईने बोलावलं, ती आली. एवढंसं तर पोर ते. त्याला काय कळतं, जागा एक आहे आणि बहिणी दोन.

माझ्या आजोळी एक केरूमामा होते. त्यांच्याआधीची चार गेली, म्हणून आजीने त्यांना जन्मल्याबरोबर केरात टाकलं आणि शेजारणीला मूठभर कोंड्याला विकलं. हे माझं पोर नाही, म्हणाली. जे न्यायला येतं ते फसतं म्हणे, दुसऱ्याचं समजून जातं. आम्ही पोरं हसायचो त्यांना, केरूमामा कोंड्याचे, म्हणून.

१२ फेब्रुवारी, सकाळ

वन्संना बोलावलं. सूप आणायला सांगितलं, आणि कोंडा.

१२ फेब्रुवारी, दुपार

झालं.

अंगणात, वेलीसमोर, तिला ऐकू जाईल असं. वन्संनी कोंडा माझ्या ओच्यात टाकला. मी बाळ सुपात ठेवलं. म्हटलं, ही माझी नाही. ही धोंडी आहे. मी हिची कुणी नाही. तीनदा म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा आवाज फुटेना, अनंतने दंड धरला, मग म्हटलं.

बाळाने माझ्याकडे बघितलं. गौतमीने. ते हिचेच डोळे होते. मी ओळखले. आणि मी तोंड फिरवलं, फिरवावंच लागतं.

वन्संनी सूप डोक्यावर घेतलं आणि मागे न बघता निघाल्या. अनंत बरोबर. चिंचवडला. पुन्हा मी हिला मुलगी म्हणायचं नाही, घ्यायचं नाही, पाजायचं नाही. कधीच नाही. ती मला मामी म्हणेल. वन्सं जाता जाता रडत म्हणाल्या, मी वाढवीन गं हिला. मी म्हटलं, तुमचीच आहे वन्सं, तुम्ही वाढवणारच.

कोपऱ्यावरून रडण्याचा आवाज आला. भुकेचं रडणं. खणखणीत. दूध मागतेय! मागतेय ती!

माझी चोळी भिजली—

१२ फेब्रुवारी, पुढे

पण खिडकीच्या गजावरचे वेढे सैल होत नाहीत. शेंडे रस्त्याकडे वळलेत सगळे. फाटकाच्या बाहेर. चिंचवडच्या दिशेने. तिला वाटतंय आई तिकडे गेली. आई आहे तिथे जाणार ती, दुसरं काय—

अनंत यायच्या आत.

अगं मी इथे आहे. वेडाबाई, इकडे बघ, इकडे—

पायरीवर बसलेय. मांडवाखाली. पदर बाजूला केलाय. वही मांडीवर. म्हटलं, अरू, ती आपली कुणी नाही. आपण दोघीच. ये बाळा. पान्हा तुझाच आहे, तुझ्यासाठीच आलाय, तेव्हा राहिला होता ना प्यायचा, ये—

वळले. सगळे शेंडे वळले.

घोस खाली येतायत. तोंडावर. किती मऊ. वेखंडाचा वास— करंगळी धरली. मनगट. आता गळ्याशी— लहान पोर असंच बिलगतं गं, त्याला कुठे कळतं किती घट्ट—

चिंचवडचं रडणं थांबलं असेल. पोट भरलं असेल तिचं. अनंत, तिला सांगू नकोस, मी कोण ते कधीच सां—

हळू, अरू. हळू गं. आई कुठे जात नाही. दोन्ही हात दे मला, हा एक, आणि हा—